म्हातारं मांजर घमेल्याबाहेर का जातं?

दहा-बारा वर्षं घमेल्यातल्या वाळूशिवाय कुठं न गेलेलं मांजर एका सकाळी पायपुसण्यावर, दिवाणावर किंवा नेमकं देवघरासमोर शू करून ठेवतं, आणि घरातलं प्रत्येक माणूस आपापलं कारण सांगू लागतं. काल ओरडलो त्याचा राग काढला. पाहुणे आलेले आवडले नाहीत. म्हातारपणी खोड्या वाढल्या. सूड म्हणून गादी भिजवण्याइतका लांबचा हिशेब मांजर करतं, याला काही आधार नाही. अशा मांजराची रक्त-लघवी तपासली, सांधे चाचपले, रक्तदाब मोजला, तर बहुतेकदा काहीतरी सापडतं, आणि पुष्कळदा एकाहून अधिक सापडतं. म्हणून या वयातली घमेल्याबाहेरची शू आधी दुखण्याचं लक्षण समजावी. घमेलं, वाळू, घरातली माणसं यांचा विचार त्यानंतर.

म्हातारं कधी म्हणायचं, तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या २०२१ सालच्या मार्गदर्शिकेनं दहा वर्षांपुढच्या मांजराला ज्येष्ठ धरलं आहे. घरात वाढलेली, नसबंदी झालेली मांजरं पंधरा-सोळा वर्षं सहज जगतात. म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा म्हातारपणाचा. आपल्याकडे उंदरांसाठी पाळलेलं, दारातून आत-बाहेर करणारं मांजर पूर्वी एवढं जगतच नसे. ते फ्लॅटमध्ये राहू लागलं, लसी आणि तयार खाणं मिळू लागलं, तेव्हा कुठं मांजराचं म्हातारपण घराघरांत दिसू लागलं. अनेक घरांना या वयाचा अनुभवच नाही, आणि गैरसमजांचा मोठा भाग तिथूनच येतो.

सगळ्यात आधी मूत्रपिंडं. म्हाताऱ्या मांजरांना सर्वाधिक गाठणाऱ्या आजारांत मूत्रपिंडांचा जुनाट आजार येतो. मांजर मूळचं कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचं वंशज, त्यामुळे निरोगी मांजर पाणी कमी पितं आणि लघवी अतिशय घट्ट करून टाकतं. मूत्रपिंडांची सुमारे दोन-तृतीयांश ताकद गेली की लघवी घट्ट करण्याची ही क्षमता ढासळते. शरीरातलं पाणी लघवीवाटे निघून जातं, ते भरून काढायला मांजर सारखं पाणी पितं, आणि पूर्वी दिवसाला दोन-तीनदा होणारी शू पाच-सहादा होऊ लागते, तीही भरपूर. घमेल्यातल्या वाळूचे लिंबाएवढे गोळे मोसंबीएवढे झाले, तर घरच्यांना ही खूण रक्त तपासण्याच्या आधीच दिसते. एवढी लघवी झाली की संध्याकाळपर्यंत घमेलं चिंब होतं. ओल्या वाळूत पाय घालायचा नाही, म्हणून मांजर कोरडी जागा शोधतं. कधी कळ इतक्या अचानक येते की घमेल्यापर्यंत पोचणंच होत नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं ते बऱ्याच उशिरा, मूत्रपिंडांचं तीन-चतुर्थांश काम थांबल्यावर. म्हणून नुसत्या रक्तावर समाधान न मानता लघवीची घनता मोजून घ्यावी. एसडीएमए नावाची चाचणी आजार त्याहून लवकर पकडते, आणि २०१५ पासून ती वापरात आहे. मूत्रपिंडांचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय गटानं या आजाराचे चार टप्पे ठरवले आहेत. कोणता टप्पा हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण ‘किडनी गेली’ हे दोन शब्द ऐकून घरं आशा सोडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातली निम्म्याहून अधिक मांजरं निदानानंतर तीन वर्षांच्या पुढे जगली होती, तिसऱ्या टप्प्यात दोन वर्षांच्या आसपास आणि चौथ्यात मात्र साडेतीन महिन्यांच्या आत-बाहेर. पहिल्या तीन टप्प्यांत कमी फॉस्फरसचं खाणं, ओलं अन्न, रक्तदाबाची गोळी आणि गरज पडली तर कातडीखाली सलाइन एवढ्यावर मांजर सुखानं राहू शकतं. हे सलाइन देणं दवाखान्यात एकदा शिकून घेतलं की घरी जमतं, आणि अनेक घरांतून ते नेमानं दिलं जातं.

मुंबई-पुण्यात पर्शियन मांजरं हौसेनं पाळली जातात, त्यांच्याबाबत एक गोष्ट अधिक. पीकेडी-१ या जनुकातल्या दोषामुळे मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होत जातात. तो दोष २००४ साली सापडला, आणि जगभरच्या पर्शियन मांजरांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत तो असावा असा अंदाज आहे. अशा मांजराची सोनोग्राफी म्हातारपणाची वाट न बघता करून घ्यावी.

पाणी पिणं वाढण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक मधुमेह: लठ्ठ, नसबंदी झालेल्या, दिवसभर पडून राहणाऱ्या बोक्यांत जास्त. दुसरं अतिक्रियाशील थायरॉईड. मांजरांतला हा आजार न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधल्या मार्क पीटरसन यांनी १९७९ साली पहिल्यांदा वर्णिला. तो ओळखायला अवघड जातो, कारण मांजर भुकेनं वखवखल्यासारखं खातं, उड्या मारतं, रात्री ओरडतं, आणि घरातले म्हणतात, म्हातारपणी तब्येत सुधारली! वजन मात्र उतरत असतं. घरच्या काट्यावर महिन्यातून एकदा मांजर उचलून वजन करणं आणि आपलं वजा करणं एवढ्यानंही हे लक्षात येतं. पाण्याचा अंदाज घ्यायचा तर भांड्यात मोजून पाणी ओतावं. चार किलोचं मांजर दिवसाला २०० मि.लि.हून अधिक पिऊ लागलं तर दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडांचं दुखणं निदान रक्तात तरी दिसतं. सांध्यांचं दुखणं मांजर इतकं लपवतं की ते कुणाच्या ध्यानीमनी नसतं. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे जुने एक्स-रे पुन्हा तपासले. २००२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ९० मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा निघाल्या. शंभरातल्या नव्वद! कुत्रं लंगडतं, कण्हतं, मांजर लंगडतही नाही. ते फक्त करायच्या गोष्टी एकेक सोडून देतं. ओट्यावर उडी मारणं बंद होतं, आधी खुर्ची आणि मग खिडकी असे टप्पे घेतले जातात, पाठीमागचे केस चाटणं थांबतं आणि तिथं जटा होतात, नखं घासली न जाता वाढतात. आणि मग घमेल्याची ती सात-आठ इंचांची कड. तिच्यावरून मागचे पाय उचलून आत जायचं, सरकणाऱ्या वाळूत तोल सांभाळत उकिडवं बसायचं, पुन्हा ओलांडून बाहेर यायचं. दुखऱ्या कंबरेला हे रोज पाच वेळा. काही मांजरं पुढचे पाय आत आणि मागचे बाहेर ठेवून करतात. घरातल्यांना वाटतं नेम चुकला. त्या मांजरानं घमेल्यापर्यंत जाऊन जमेल तेवढं केलेलं असतं.

या एका कारणावर उपाय सगळ्यात स्वस्त आहे, आणि तो सगळ्यात कमी घरांत होतो. घमेल्याची एक बाजू कापून दोन-अडीच इंचांची करावी, किंवा घमेलं बाजूला ठेवून गादीखाली सरकणारा प्लॅस्टिकचा खोका, रोपांच्या कुंड्यांखालचा मोठा उथळ ट्रे, बेकरीवाल्यांकडचा पसरट ट्रे असलं काही आणावं. कापलेली कड घासून घ्यावी म्हणजे लागत नाही. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी. बाजारातले बहुतेक ट्रे या मापाला अपुरे पडतात. वाळू दोन-अडीच इंचांहून जास्त नको, पाय रुतले की तोल जातो. आणि दुमजली घर असेल, किंवा मांजर दिवसभर आजीच्या खोलीत पडून असेल, तर दुसरं घमेलं तिथंच. मांजरांच्या संख्येपेक्षा एक घमेलं जास्त, हा जुना नियम म्हाताऱ्या मांजराला अधिकच लागू आहे.

दुखण्यावर औषधं आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये फ्रुनेवेटमॅब या महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तिथल्या औषध प्रशासनानं (एफडीए) कोणत्याही प्राण्यासाठी मान्य केलेलं हे पहिलं मोनोक्लोनल अँटिबॉडी औषध, आणि ते मांजराच्या सांध्यांसाठी निघालं, यावरूनच या दुखण्याचा पसारा कळतो. आपल्या गावच्या डॉक्टरांकडे जे असेल ते त्यांच्या सल्ल्यानं द्यावं, मूत्रपिंडांची अवस्था बघून. पण घरातली गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. माणसाला निरुपद्रवी असलेली ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. दयेपोटी अर्धी गोळी दुधात घालून दिल्याच्या घटना डॉक्टर सांगतात, तेव्हा ऐकवत नाही.

दूधही त्याच दयेचा भाग. मांजर म्हटलं की दूध-पोळी, ही आपल्याकडची पक्की समजूत. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. म्हाताऱ्या मांजराला शी आवरत नसेल तर आधी दूध बंद करून बघावं. मात्र शी घमेल्याबाहेर आणि शू आत असा प्रकार असेल, तर बद्धकोष्ठाची शंका घ्यावी. शरीर कोरडं पडलेलं, कंबर दुखते म्हणून पुरतं उकिडवं बसवत नाही, त्यामुळे खडे होतात. मांजर घमेल्यात जोर करतं, दुखतं, बाहेर पळतं, आणि पळता पळता दोन-तीन खडे वाटेत पडतात. पुढं तर घमेलं म्हणजे दुखणं असं समीकरण त्याच्या मनात बसतं आणि दुखणं बरं झाल्यावरही ते तिथं जायला कचरतं. अशा वेळी जुन्या घमेल्याऐवजी नवं, वेगळ्या जागी ठेवलं तर गाडी रुळावर येते.

जोर करणाऱ्या बोक्याबद्दल मात्र सावध असावं. बोका पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो, आणि शूचे थेंबही येत नाहीत, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधत बसू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यावं.

उरतो मेंदू. एडिंबरा विद्यापीठातल्या डॅनिएल गन-मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार ११ ते १४ वर्षांच्या मांजरांपैकी २८ टक्क्यांत, आणि १५ वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक मांजरांत स्मृतिभ्रंशाशी जोडता येईल असा एखादा तरी बदल दिसतो: रात्री भिंतीकडे तोंड करून ओरडणं, खाल्लेलं विसरणं, कोपऱ्यात अडकून राहणं, घमेलं कुठं आहे हेच न आठवणं. त्याच विद्यापीठातून २०२५ साली पुढं आलेल्या संशोधनात अशा मांजरांच्या मेंदूतल्या पेशींच्या सांध्यांवर माणसांच्या अल्झायमरमध्ये आढळणारं अमिलॉइड साचलेलं दिसलं. यावर खात्रीचा इलाज नाही. घमेल्याची जागा न बदलणं, वाटेवर रात्री छोटा दिवा, सामानाची हलवाहलव टाळणं, यानं पुष्कळ फरक पडतो. दिवा आणखी एका कारणासाठी. मूत्रपिंड किंवा थायरॉईडच्या आजारात रक्तदाब चढतो आणि डोळ्यातला पडदा सुटून मांजर अचानक आंधळं होऊ शकतं. भिंतींना धडकणाऱ्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या मांजराला त्याच दिवशी दाखवलं आणि अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली तर काही वेळा दृष्टी परत येते.

इथं आपल्याकडची एक खास अडचण लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्रातली पुष्कळ मांजरं घमेलं कधी शिकलेलीच नसतात. वाड्यात, चाळीत, तळमजल्याच्या घरात ती बागेत किंवा बांधकामाच्या रेतीत जाऊन येतात. वय झालं, जिना उतरवेना, गल्लीतल्या कुत्र्यांपुढं पळवेना, की ती घरातच मोरीत, कुंडीत, गाद्यांमागं जागा करतात. कधी वाड्याचा पुनर्विकास होतो आणि चौदा वर्षांचं मांजर पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन पडतं. त्यानं सवय मोडली असं म्हणता येत नाही, त्याची जागाच काढून घेतली गेलेली असते. अशा मांजराला उथळ ट्रेमध्ये त्याच्या ओळखीची अंगणातली माती घालून द्यावी, आणि आठवड्या-आठवड्यानं त्यात थोडी थोडी बाजारातली वाळू मिसळत जावी. मोरीच आवडत असेल तर ट्रे मोरीशेजारी. गॅलरीत ठेवलेला ट्रे पावसाळ्यात भिजतो, आणि जूनमध्ये ‘अचानक’ सुरू झालेल्या तक्रारींमागं कधी कधी एवढंच असतं.

तयार वाळू आली ती योगायोगानं. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लो यांनी शेजारणीला राखेऐवजी शोषक मातीचे दाणे देऊन बघितले, त्यातून हा धंदा उभा राहिला. गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू १९८० च्या दशकात आली, आणि ही माती आपल्या कच्छमध्येही निघते. म्हाताऱ्या मांजराला सहसा बारीक, बिनवासाची वाळू मानवते. गुलाब-लव्हेंडरचा वास माणसासाठी घातलेला असतो. लाकडाच्या जाड गोळ्या दुखऱ्या पंजांना टोचतात. भुसा चालतो, पण तो घरभर पसरतो.

शू आणि फवारा यांत गल्लत होते, तीही निस्तरून घ्यावी. उभं राहून, शेपटी थरथरवत, भिंतीवर किंवा दारावर थोडी शू उडवणं ही हद्दीची खूण. नसबंदी न झालेल्या बोक्यांत ती सर्रास असते, नसबंदीनंतर दहातले सुमारे नऊ बोके ती सोडतात. म्हाताऱ्या मांजरानं जमिनीवर बसून केलेलं थारोळं हे वेगळं प्रकरण आहे.

मग सफाई, आणि इथं मराठी घरांत खरा धोका आहे. घाण म्हटली की हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. काळ्या फिनेलमधली डांबरापासून काढलेली द्रव्यं आणि पांढऱ्यातलं पाइनचं तेल, दोन्ही मांजराला घातक, आणि डेटॉलसारखी जंतुनाशकंही. कारण पॅरासिटामॉलचंच. ही द्रव्यं यकृताला नीट हाताळता येत नाहीत, आणि मांजर फरशीवरून चालून आपले पंजे चाटतं. कोपऱ्यात टाकलेल्या डांबरगोळ्या तर आणखी वाईट. अमोनिया असलेल्या द्रवाचा वास लघवीच्या वासाशी जुळतो आणि मांजर तिथंच परत येतं. योग्य रीत साधी आहे. जुन्या कापडानं किंवा वर्तमानपत्रानं टिपून घ्यावं, रगडू नये. मग गार पाणी, आणि त्यावर एन्झाइमचं क्लीनर सांगितलेला वेळ मुरू द्यावं. मांजराच्या लघवीत फेलिनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, त्याच्या विघटनातून तो उग्र वास येतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तो जास्तच जाणवतो. जुने डाग सापडत नसतील तर अंधारात अतिनील टॉर्च फिरवावी, ते चमकतात. गादीवर तान्ह्या बाळाखाली घालतात ते मेणकापड घालावं. आजारी माणसांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे अंडरपॅड ट्रेखाली आणि भोवती पसरले, तर फरशीचा निम्मा त्रास वाचतो.

मारणं, नाक घाणीत घासणं यानं काही शिकवलं जात नाही. घाबरलेलं मांजर इतकंच शिकतं की माणसं बघत असताना करायचं नाही, आणि मग कपाटामागं करतं.

घरात बाळाची चाहूल असेल तर टोक्सोप्लाझ्माच्या भीतीनं म्हातारं मांजर बाहेर काढण्याचा आग्रह होतो. या परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस घेतात. घमेलं गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणीतरी रोज साफ केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही, भाज्या धुऊन घेतल्या, की धोका फार कमी राहतो. मांजराला घर सोडायची गरज नाही.

घर सोडणं म्हणजे काय होतं हे मात्र स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेत निवारागृहांतल्या मांजरांबाबत १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीत, वागणुकीच्या कारणानं सोडून दिलेल्या मांजरांत घरात घाण करणं हे कारण सर्वात वर होतं. आपल्याकडे निवारागृहंही थोडी. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं या समजुतीनं कुणी मारत नाही, पण पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळी बाजारात नेऊन सोडतात. दात पडलेलं, पाणी सारखं लागणारं, ऐकू न येणारं मांजर तिथं उपाशी मरतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं गुन्हा ठरवतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे. एवढ्या रकमेचा कुणाला धाक वाटावा?

तपासणीची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि शेजारचं १८८६ चं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकारानं मोठं रुग्णालय सुरू झालं. लहान गावांत सोनोग्राफी मिळेलच असं नाही, पण रक्त, लघवी आणि वजन एवढ्यावरही पहिलं निदान बरंच होतं. लघवीचा नमुना न्यायला घमेलं धुऊन त्यात धुतलेले मणी किंवा मत्स्यालयाचे खडे घालावेत, वर राहिलेली शू सुईविना सिरिंजनं ओढून दोन तासांत पोचवावी. दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्यावं: कुठं केलं, शू की शी, किती, बसून की उभं राहून, किती पाणी प्यायलं. डॉक्टरांची अर्धी वाट त्या कागदानं मोकळी होते.

सगळं करूनही काही मांजरं पूर्वीसारखी होत नाहीत. त्यांना घरातली एकच खोली द्यावी, फरशी अंडरपॅडनं झाकावी, मागचे केस कापून पार्श्वभाग कोमट पाण्यानं पुसावा, दोन उथळ ट्रे हाताशी ठेवावेत. पुढचा प्रश्न मनाला जड जातो, त्यासाठी अमेरिकी पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरतात. हे गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत, दर आठवड्याला, आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवावा. स्वच्छता हा त्या सातांतला एक आहे. मांजर खातंय, उन्हात जाऊन बसतंय, नाव घेतल्यावर मान वळवतंय, तर बाकीच्या सहांचे गुण बहुधा चांगलेच येतील.